खारा वारा, बारा व्होल्ट

हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात गाडीचा पत्रा सडतो, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. त्या पत्र्याबरोबर गाडीची अर्धी वायरिंगही सडत असते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. जुन्या मोटारीत बॅटरीकडून दिव्यापर्यंत वीज तारेने जाते आणि परत येते ती पत्र्यातून. चॅसी, बॉडी, इंजिनाचा सांगाडा, त्यांना जोडणारे बोल्ट आणि पट्ट्या ही सगळी मिळून परतीची तार. तिला रंग नाही, नकाशात ती काढलेली नसते, आणि बिघाड शोधताना तिच्याकडे कुणी बघत नाही. या पुस्तिकेचा सगळा भर त्या न दिसणाऱ्या तारेवर आहे.

पेडण्यापासून म्हापशापर्यंतच्या गॅरेजांत चवथीच्या आधीचे आठ दिवस जाऊन बसावे, म्हणजे हा विषय आपोआप कळतो. पावसाळाभर पडवीत किंवा ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली पद्मिनी, अँबॅसडर, नाहीतर आजोबांच्या वेळची फोक्सवॅगन गणपती आणायला बाहेर काढली जाते. चावी फिरवली की सेल्फ एकदा ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. मग उतारावर धक्का. मग बॅटरी काढून बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला. दोन दिवस गाडी नीट चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘बाब, बॅटरी मेली तुमची,’ असे ऐकून माणूस नवी बॅटरी घेतो. तीही बसते, तेव्हा डायनामो उघडून आर्मेचर गुंडाळायला पाठवला जातो. त्यानेही भागले नाही की डायनामो आणि बॅटरी यांच्यामधला कटआउट बदलायचा. एवढा खर्च झाल्यावर कुणीतरी गाडीखाली जातो. इंजिन आणि चॅसी यांच्यामधली तांब्याची विणलेली पट्टी बोटाने हलवून बघतो, आणि तिच्या टोकाची हिरवी-पांढरी पूड हातावर येते. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळला की काम संपते. महागडी वस्तू आधी आणि फुकटची तपासणी शेवटी, हा आपल्याकडचा क्रम उलटा करायचा, एवढ्यासाठीच ही पुस्तिका लिहिली.

गोव्यात हे काम इतर ठिकाणांपेक्षा थोडे जास्त गुंतागुंतीचे आहे आणि त्याला इतिहास कारण आहे. पन्नाशीच्या दशकात भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. त्याच सुमाराला डिचोली-सांग्यातल्या लोहखनिजाला परदेशात भाव आला. खाणींचा पैसा होता, मुरगाव बंदर होते, त्यामुळे जर्मन, इंग्रज, इटालियन, अमेरिकन अशा सगळ्या घराण्यांच्या मोटारी इथे थेट उतरल्या. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्यानंतर त्यांच्या जोडीला भारतातल्या गाड्या आल्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर. महिंद्राच्या जीपगाड्या तर खाणीपासून देवळापर्यंत सगळीकडे. पुढे हिप्पींच्या काळात युरोपातून जमिनीच्या वाटेने आलेल्या फोक्सवॅगन व्हॅनही या किनाऱ्याने पाहिल्या.

एवढ्या घराण्यांच्या गाड्या म्हणजे विजेचीही तेवढीच घराणी. जुन्या इंग्रजी गाड्यांत आणि सुरुवातीच्या अँबॅसडरमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे, जर्मन गाड्यांत निगेटिव्ह. फोक्सवॅगन बीटल 1967 च्या सुमारापर्यंत 6 व्होल्टवर चालत होती. आयुष्यभर मारुती उघडलेला मुलगा सवयीने काळी केबल बॉडीला लावतो आणि पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत अनर्थ करून ठेवतो. म्हणून पहिल्या प्रकरणात दुरुस्ती नाही, ओळख आहे. गाडी किती व्होल्टची, अर्थिंग कुठल्या टोकाचे, डायनामो की अल्टरनेटर, हे कागदावर लिहिल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

बारा व्होल्टांना लोक घाबरत नाहीत. हात लावला तरी झटका बसत नाही, मग त्यात एवढे काय, असा एकूण भाव असतो. खरी अडचण व्होल्ट थोडे असण्यातच आहे. घरच्या 230 व्होल्टांत वाटेत दोन व्होल्ट गळाले तर कुणाला पत्ता लागणार नाही. मोटारीच्या बारांतले दोन गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला. आणि हे दोन व्होल्ट घालवायला फार काही लागत नाही. दहा अँपियरच्या वाटेवर 0.2 ओहमचा अडथळा पुरतो, म्हणजे एक गंजलेले लग, एक सैल स्क्रू. दिव्याचा उजेड तर व्होल्टच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. दहा व्होल्ट मिळालेला बाराचा बल्ब जेमतेम निम्मा उजेड देतो. रात्री पार्से-हरमल रस्त्यावर समोरचे काही दिसत नाही म्हणून लोक मोठे हॅलोजन बसवतात. त्याच गंजलेल्या जोडातून मग आणखी जास्त अँपियर ओढले जातात, जोड तापतो, प्लास्टिक वितळते आणि उजेड होता तेवढाच राहतो.

डायनामोचा स्वभाव समजून घेतला की निम्म्या तक्रारी तक्रारी राहत नाहीत. अँबॅसडरच्या पिढीतल्या गाड्यांवर जो लुकास धर्तीचा डायनामो असे, त्याची पूर्ण ताकद 22 अँपियरच्या आसपास, तीही इंजिन वेगात असताना. पावसाळी रात्रीचा हिशेब करून बघा. 45 वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपियर खातात, साइड आणि टेल मिळून दोन-अडीच, वायपर तीन, इग्निशन कॉइल तीन-चार. सोळा अँपियर इथेच झाले. ब्रेक दाबला की आणखी साडेतीन. सरळ रस्त्यावर डायनामो हे कसेबसे भागवतो. केरी-तेरेखोल फेरीच्या रांगेत इंजिन मंद चालू ठेवून दिवे लावून बसलात, तर डायनामो जवळजवळ काहीच देत नसतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. अशा वेळी डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणणे हा बिघाड नाही, कंपनीने गाडी तशीच बनवली आहे. मोबाइल चार्जर, म्युझिक सिस्टीम, दुहेरी भोंगे आणि हॅलोजन लावून ‘डायनामो वीक आहे’ म्हणणे हा डायनामोवर अन्याय आहे.

तो लाल दिवा मात्र नीट वाचायला हवा. त्याचे एक टोक इग्निशन स्विचला, दुसरे डायनामोच्या ‘डी’ टर्मिनलला. दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की तो विझतो, फरक राहिला की पेटतो. म्हणजे तो फक्त फरक दाखवतो, दोष कुठल्या बाजूला आहे ते सांगत नाही. गाडी वेगात असताना, हेडलाइट लावल्यावर तो अंधूक पेटत असेल तर डायनामो ठणठणीत असून कटआउटचे पॉइंट किंवा पुढचा एखादा जोड वीज अडवत असण्याचाच संभव जास्त. अल्टरनेटरच्या बहुतेक गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते, त्यामुळे तो बल्ब उडाला तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर उघडला गेल्याची उदाहरणे पेडण्यात हवी तेवढी मिळतील.

डायनामो दोषी की निर्दोष, हे गाडीवरून न उतरवता ठरवता येते, आणि ही एक चाचणी मी इथेच सविस्तर सांगतो, कारण पुस्तिका अर्धवट ठेवणाऱ्यालाही ती मिळावी. आधी फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. अर्ध्या इंचाच्या आसपास दबला पाहिजे, घसरता कामा नये. मग डायनामोवरच्या ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही तारा काढा, खुणा करून बाजूला ठेवा, आणि ती दोन्ही टर्मिनले तारेच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक या जोडाला, दुसरे डायनामोच्याच अंगाला लावा. बॉडीला नको, त्याच्याच अंगाला. इंजिन चालू करून वेग अगदी हळू वाढवा. मीटर न अडखळता झरझर चढत गेला तर डायनामो चांगला. वीस व्होल्टच्या वर त्याला जाऊ देऊ नये, इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर नेण्याची गरज नाही. मीटर हललाच नाही तर आतले कार्बन (ब्रश) बघा, झिजले असतील किंवा घरात अडकले असतील. अर्ध्या-एक व्होल्टवर थांबला तर फील्डची गुंडाळी किंवा तिचा जोड गेला. चार-पाचवर अडकला तर आर्मेचर. एवढे कळायला पाच मिनिटे लागतात. डायनामो चांगला निघाला तर ‘डी’ आणि ‘एफ’मधला तुकडा तसाच ठेवून ‘डी’ची तार पुन्हा जोडायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कटआउटपाशी काढून ठेवलेल्या टोकाला, तेवढेच व्होल्ट पोहोचतात का ते बघायचे. अशी एकेक पायरी चढत बॅटरीपर्यंत जायचे.

परतीच्या वाटेची चाचणी याहून सोपी. कॉइलची बारीक तार काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटावर, क्लँपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. एकाच्या वर गेला तर बॅटरी, सेल्फ, डायनामो यांपैकी कशालाही हात लावू नका, चोर सापडला आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. त्यामुळे ती तांब्याची पट्टी तुटली की सेल्फचा शंभर-दीडशे अँपियरचा प्रवाह परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती बहुधा चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून सापडते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर हेच घडते आहे. मागचे दिवेही अशाच आडवाटेने वेडेपणा करतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो, इंडिकेटर लावला की टेल लॅम्प लुकलुकतो. वायरिंग बदला, असा सल्ला मिळतो. दिव्याच्या घराचा गंजलेला स्क्रू घासून बघा.

मल्टिमीटरबद्दल एक सावधगिरी. त्याची ‘पीं’ करणारी तपासणी जुन्या गाडीत फसवते. वीस-बावीस धाग्यांच्या तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर आनंदाने वाजतो, कारण त्याला तपासायला नावापुरतीच वीज लागते. त्याच तारेवर हेडलाइट लावला की पेटत नाही. दोन तारा जोडलेला 21 वॅटचा बल्ब घेऊन फिरणाऱ्या जुन्या मेस्त्रींना नवी पोरे हसतात. या बाबतीत मेस्त्रींचेच बरोबर आहे. जोडाची परीक्षा भार टाकूनच घ्यावी लागते. व्होल्टचे आकडे मीटरवर, जोडाची ताकद बल्बवर, अशी वाटणी पुस्तिकेत सगळीकडे केली आहे.

हौसेने नवी करून घेतलेली गाडी हा तर वेगळाच प्रकार. दोन-दोन वर्षे टिंकरिंग चालते, बॉडी उघडी करून प्रायमर, पुटी, रंगाचे थर चढतात, गाडी आरशासारखी होऊन येते आणि पहिल्याच रात्री दिवे पणतीइतके. रंग विजेला अडवतो. अर्थिंगची प्रत्येक जागा रंगाखाली बुजलेली असते आणि बोल्ट रंगावर आवळलेला असतो. रंगाच्या कामावर देखरेख करणाऱ्या मालकाने अर्थिंगच्या जागांची यादी रंगाऱ्याच्या हातात आधीच द्यावी. तिथला रंग खरवडायचा, बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस फासायचे. घासलेला उघडा धातू हरमलात एका पावसाळ्यात पुन्हा गंजतो, म्हणून ग्रीस विसरायचे नाही. टिंकरिंगवाला आणि इलेक्ट्रिशियन यांनी एकमेकांशी बोलावे, ही अपेक्षा आपल्याकडे फार मोठी ठरते.

डिचोलीकडच्या गाड्यांचे दुखणे निराळे. तिथे मिठाऐवजी खाणीची तांबडी धूळ. ती डायनामोच्या मागच्या खिडक्यांतून आत शिरते, कार्बनच्या घरात साचते, कार्बन अडकतो आणि चार्जिंग आज आहे तर उद्या नाही असे होते. पेडण्यात आधी अर्थिंग बघावे, डिचोलीत आधी कार्बन, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही. तारा कुरतडणारे उंदीर मात्र दोन्ही तालुक्यांत सारखेच.

वायरिंगच्या रंगांवर एक पूर्ण प्रकरण आहे. लुकासच्या पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, तांबडी साइड-टेलची, काळी अर्थिंगची. एवढे पाठ असले तर अँबॅसडरचे बॉनेट उघडल्यावर समोर जंगल दिसत नाही. अडचण अशी की चाळीस-पन्नास वर्षांत हाताला लागेल त्या रंगाची तार जोडली गेलेली असते, आणि जोड म्हणजे पीळ मारून वर काळी टेप. उन्हात तिचा चिकटा सुटतो, पावसात आत पाणी धरते. फ्यूजची कथा तर सांगू नये अशी. या गाड्यांत मुळात दोनच फ्यूज, हेडलाइटला तर तेही नाहीत. त्या दोनांतही सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचे धागे. मग शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी हार्नेस जळतो. बीटलवाल्यांना खास इशारा. तिची बॅटरी मागच्या सीटखाली असते. झाकण हरवलेले असेल आणि मागे दोन भारदस्त माणसे बसली, तर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून धूर निघू शकतो. ते झाकण आजच शोधा.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का, हा वाद प्रत्येक बैठकीत निघतो. रोज वापरायची, रात्री चालवायची गाडी असेल तर बसवावा, असे माझे मत. अल्टरनेटर मंद इंजिनावरही चार्जिंग देतो. पण पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत आधी अर्थिंग उलटवावे लागते, जुना अँपियर मीटर नव्या प्रवाहाला पुरत नाही, आणि डायनामोच्या जाडीची तार बदलावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. त्या वाटेने जाणाऱ्याने मूळ डायनामो जपावा. ती गाडी तशीही रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. निदान काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला कायमची गेली. तिच्याबरोबर तिचे सुटे भाग आणि ते डोळे झाकून जोडणारे हातही कमी होत चालले आहेत.

एक सवय मात्र आजपासून सोडा. चार्जिंग आहे की नाही ते बघायला चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपटणे. डायनामोच्या जमान्यात ते खपून गेले, तरी चांगले कधीच नव्हते. अल्टरनेटरवर तसे केले तर व्होल्ट एकदम उसळून डायोड जातात. मीटर लावला की उत्तर मिळते. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन वेगात असताना 13.8 ते 14.4 दिसले तर चार्जिंग ठीक आहे आणि तुम्ही घरी जाऊ शकता.

वाचकांना एक विनंती. गाडी व्यवस्थित चालत असेल तेव्हाच, एखाद्या कोरड्या रविवारी, हे चार-पाच आकडे मोजा आणि तारीख घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. बिघाड झाल्यावर मेस्त्रीला तो कागद दाखवा. आणि काम सुरू करण्यापूर्वी हातातले कडे, अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. पुस्तिकेतले व्होल्टचे आकडे जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथे 12 व्होल्टच्या गाड्यांचे आहेत. 6 व्होल्टवाल्यांनी ते निम्मे धरावेत.